ओसाड विमानतळांचा हुबेहूबपणा

संगणकावर विमान चालविण्याचा जो प्रकार फ्लाइट सिम्युलेटर या नांवानें प्रसिद्ध आहे, तो आतां आमच्या मध्यमवर्गीय घरांना परका राहिलेला नाहीं. रात्रीच्या जेवणासाठीं हांक मारली असतां मुलगा आंतल्या खोलींतून "उतरतोंच आहें" असें उत्तर देतो, आणि हें उतरणें खुर्चीवरून व्हावयाचें आहे कीं वीस हजार फुटांवरून, याचा घरच्यांना उलगडा होत नाहीं, इतका हा छंद रुळला आहे. या छंदाची एक शाखा अशी आहे कीं, तींत विमानापेक्षां विमानाखालची भूमि महत्त्वाची मानितात. दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी विमानतळ, त्यांवरील हँगर, नियंत्रणाचे मनोरे, बराकी, बाँबचीं कोठारें यांच्या प्रतिकृति संगणकांत घडवावयाच्या, नकाशावर त्या त्या जागीं बसवावयाच्या आणि हौशी वैमानिकांच्या हवालीं करावयाच्या, हा या शाखेचा उद्योग होय. कांहीं लोक तो पोटासाठीं करितात, तर कांहीं केवळ प्रेमाखातर करितात. प्रतिकृति चांगली वठली म्हणजे तिची वाखाणणी करण्यासाठीं एक शब्द ठरलेला आहे. तो म्हणजे 'हुबेहूब'. आमचें भांडण आहे तें या एका शब्दाशीं.

साहित्यविषयक मासिकांत असल्या विषयाला जागा कशाला, असें एकादा वाचक विचारील. त्याला आमचें उत्तर असें कीं, ऐतिहासिक कादंबरी, नाटक किंवा चित्रपट यांच्या खरेखोटेपणाची चिकित्सा आपण करितों ती कां? त्यांतून लोकांच्या मनांत गतकाळाचें चित्र ठसतें म्हणूनच कीं नाहीं? मग जी प्रतिकृति पाहणाऱ्याला नुसतें चित्र दाखवून थांबत नाहीं, तर त्याला त्या काळाच्या धांवपट्टीवर आणून उभें करिते, तिची चिकित्सा अधिक कडक असावयास पाहिजे. शिवाय ज्या वास्तूंच्या या प्रतिकृति, त्या वास्तु दिवसेंदिवस नाहींशा होत चालल्या आहेत. इंग्लंडांतील कित्येक युद्धकालीन धांवपट्ट्या उखडून त्यांची खडी रस्त्यांच्या पोटांत गेली, आणि शेतांतून पुन्हां नांगर फिरले. वैमानिकांच्या पत्र्याच्या झोंपड्यांतून कोठें कोंबड्या वाढल्या, कोठें डुकरें. अशा स्थितींत पुढच्या पिढीला जो विमानतळ पहावयास मिळावयाचा तो संगणकांतलाच. मूळ वस्तु गेली आणि नक्कल राहिली म्हणजे नक्कलच पुरावा होऊन बसते. म्हणून तिच्या कर्त्याला जाब विचारणें हा वाचकांचा आणि टीकाकारांचा अधिकार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या कलेला पोरखेळ म्हणून हिणविणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसूं इच्छित नाहीं. ज्या महाराष्ट्रांत दिवाळी आली कीं अंगणांत मातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवितात आणि बुरुजांवर मावळे उभे करितात, त्या महाराष्ट्रानें प्रतिकृति करणाऱ्यांना हंसावें हें शोभत नाहीं. आणि सिम्युलेटरचें मूळ तरी खेळण्यांत कोठें आहे? अमेरिकेंत एड्विन लिंक नांवाच्या वाद्यें करणाऱ्या घराण्यांतील गृहस्थानें १९२९ च्या सुमारास ऑर्गनच्या भात्यांवर हलणारें एक लहानसें लांकडी विमान तयार केलें. दुसऱ्या महायुद्धांत लाखों वैमानिकांनीं त्या पेटींत बसून, खिडकी झांकून, केवळ घड्याळांच्या कांट्यांवर उड्डाणाचे धडे गिरविले. सांगावयाचें तात्पर्य हें कीं, हा विषय गंभीर आहे आणि त्यांत काम करणाऱ्यांचे कष्ट खरे आहेत. आमचा आक्षेप कष्टांवर नाहीं. ते कष्ट एका अर्ध्या सत्याच्या चरणीं वाहिले जात आहेत, यावर आहे.

विमानतळाची इमारत ही देवळासारखी किंवा राजवाड्यासारखी डोळ्यांना सुख देण्यासाठीं बांधलेली नसते. तिची प्रत्येक भिंत कांहींतरी भीतीनें, घाईनें किंवा काटकसरीनें उभी केलेली असते. तिचा अर्थ कळावयाचा तर तें कारण कळलें पाहिजे. इंग्लंडांतील बाँबफेक्या विमानांचे तळच घ्या. १९३४ नंतर जे तळ शांततेच्या काळांत बांधले गेले, ते विटांचे, नीटनेटके, झाडांच्या रांगा लावलेले, आणि तीनशें फूट लांबीच्या भक्कम हँगरांनीं सजलेले होते. युद्ध पेटल्यावर ही ऐट टिकली नाहीं. १९४२ साल हें बांधकामाच्या भराचें साल. त्या वर्षीं ब्रिटनमध्यें सरासरीनें दर तीन दिवसांस एक नवा विमानतळ पुरा होत होता. तेव्हां नमुना ठरला तो असा: दोन हजार यार्डांची एक मुख्य धांवपट्टी, चौदाशें यार्डांच्या दोन दुय्यम पट्ट्या, तिन्ही एकमेकींस छेदून जाणाऱ्या, आणि सभोंवार पन्नास फूट रुंदीचा फिरता रस्ता. तीन पट्ट्या कां? तर वारा कोठूनही वाहिला तरी त्याच्या तोंडावर जड विमान उडवितां यावें म्हणून. विमानें हँगरांत न ठेवतां रस्त्याच्या कडेनें दूर दूर उघड्यावर कां ठेवीत? तर एका बाँबनें सगळीं जळूं नयेत म्हणून. हँगर पत्र्याचे आणि खिळ्याबोल्टांनीं उभारावयाचे कां? तर ते उकलून दुसरीकडे नेतां यावेत म्हणून. मेजर निसेन यांनीं १९१६ सालीं पहिल्या महायुद्धांत काढलेली अर्धगोल पत्र्याची झोंपडी येथें हजारोंनीं उभी राहिली, ती कां? तर विटा, लांकूड आणि वेळ यांचा दुष्काळ होता म्हणून. आणि या झोंपड्या धांवपट्टीपासून मैल मैल दूर, झाडीच्या आडोशाला विखुरलेल्या असत, त्या कां? तर झोंपलेले लोक एकाच हल्ल्यांत मरूं नयेत म्हणून. त्या एका कारणापायीं दोन-अडीच हजार माणसें चिखल तुडवीत, सायकली हांकीत, हिंवाळ्यांत कामावर जात. लिंकनशायरमधील लडफर्ड मॅग्ना या तळाला तेथील लोकांनीं चिखलाचें टोपण नांव दिलें होतें तें उगीच नव्हे.

आतां प्रतिकृतींकडे वळूं. आमचा पहिला आक्षेप काळाविषयीं आहे. मराठी माणसाला मित्तीचें महत्त्व शिकविण्याची गरज पडूं नये. राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला, तेव्हांपासून कागदाचा काळ ठरविल्यावांचून त्यावर विश्वास टाकूं नये, हा धडा आपण गिरवीत आलों आहोंत. विमानतळ हाही एक कागद आहे, आणि त्यावर एकावर एक अनेक हातांनीं लिहिलेलें आहे. स्कॅम्प्टन हें उदाहरण पहा. १६ मे १९४३ च्या रात्रीं जर्मनीचीं धरणें फोडण्यासाठीं ६१७ व्या तुकडीचीं एकोणीस लँकॅस्टर विमानें येथून उडालीं. त्यांतलीं आठ परत आलीं नाहींत व त्रेपन्न माणसें प्राणांस मुकलीं. ही मोहीम इतकी प्रसिद्ध आहे कीं, तिचा सराव करावा असें प्रत्येक हौशी वैमानिकास वाटणें साहजिक आहे. पण त्या रात्रीं स्कॅम्प्टनवर काँक्रीटची धांवपट्टीच नव्हती! ती अवजड विमानें गवतावरून उडालीं. काँक्रीट घातलें तें ती तुकडी तेथून हलल्यानंतर. पुढें १९५० नंतरच्या दशकांत अणुबाँब वाहणाऱ्या विमानांसाठीं पट्टी आणखी लांबविली, तेव्हां शेजारून सरळ जाणारा रोमन लोकांच्या वेळचा रस्ता धनुष्यासारखा वांकवावा लागला. हा बांक आकाशांतून स्पष्ट दिसतो. आजचे सिम्युलेटर भूमीचें रूप घेतात तें उपग्रहाच्या आणि विमानांतून टिपलेल्या छायाचित्रांवरून. त्यावर युद्धकालीन हँगर कितीही निगुतीनें बसविले, विटेचा रंग आणि पत्र्याचा गंज कितीही जुळविला, तरी १९४३ सालचा वैमानिक खालीं पाहतो तों त्याला पुढच्या दशकांतल्या शीतयुद्धाचा रस्ता दिसतो. पेशव्यांच्या दरबाराच्या चित्रांत विजेचे दिवे लोंबत असावेत, तसाच हा प्रकार.

तीच गोष्ट नियंत्रणाच्या मनोऱ्याची. १९४३ सालीं ब्रिटिश हवाई खात्यानें मनोऱ्याचा एक आराखडा काढला. त्याच्या क्रमांकाच्या शेवटींच ४३ हा आंकडा आहे. आधींच्या मनोऱ्यांच्या मोठ्या खिडक्या जाऊन त्यांत लहान खिडक्या आल्या. हा मनोरा फार पसरला, त्याचे अवशेष पुष्कळ राहिले, म्हणून त्याची प्रतिकृति सोपी. पण तोच मनोरा उचलून १९४० च्या उन्हाळ्यांतल्या केंटच्या आकाशाखालीं उभा केला म्हणजे कर्त्याच्या हातून एक चूक झाली असें म्हणून भागत नाहीं. तीन वर्षांत काय काय शिकावें लागलें, हें सांगण्याची संधीच त्यानें पुसून टाकलेली असते.

दुसरा आक्षेप स्थळाविषयीं. इंग्लंडांतल्या तळांचे नकाशे आणि छायाचित्रें मुबलक मिळतात. म्हणून तेथल्या इमारतींचा एक सांचा तयार होतो, आणि मग ब्रह्मदेशापासून आफ्रिकेपर्यंत जेथें जेथें माहिती तोकडी पडते तेथें तेथें त्याच सांच्याची खोगीरभरती केली जाते. मणिपूरच्या खोऱ्यांत १९४४ च्या वेढ्याच्या वेळीं सहा विमानतळ होते. त्यांपैकीं पालेल आणि मुख्य इंफाळ हे बाराही महिने चालणारे, बाकीचे पावसाळ्यापुढें हार खाणारे. अर्जनसिंग यांच्या हाताखालील भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी आपलीं हरिकेन विमानें घेऊन येथेंच लढत होती. रस्ते तुटले असतां सबंध फौजेचें अन्न, दारूगोळा आणि जखमी माणसें यांची ने-आण या पट्ट्यांवरून झाली. अशा ठिकाणीं वैमानिकाच्या नशिबीं होती ती बांबूची झोंपडी, तंबू आणि खंदक. तेथें लिंकनशायरच्या विटांचे बंगले उभे केले म्हणजे पाहणाऱ्यास वाटावें कीं, युद्ध सगळीकडे सारखेंच सोयीचें होतें. चीनमध्यें छंगडू शहराच्या आसपास १९४४ च्या पूर्वार्धांत सुपरफोर्ट्रेस विमानांसाठीं पट्ट्या तयार झाल्या, त्या यंत्रांनीं नव्हे. लाखों शेतकऱ्यांनीं दगड हातांनीं फोडले, टोपल्यांनीं वाहिले, आणि शेंकडों माणसांनीं दोर लावून प्रचंड दगडी रूळ ओढले. ज्या पट्टीचा प्रत्येक खडा मानवी हातांतून गेला, ती संगणकांत एका करड्या रंगाच्या पट्ट्यानें दाखविली जाते, आणि तिला म्हणावयाचें हुबेहूब!

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो माणसांविषयींचा आहे. या प्रतिकृतींत इमारती असतात, पण त्या इमारतींना भूतकाळ नसतो आणि शेजारही नसतो. खरगपूरची गोष्ट सांगतों. १९४४ सालीं अमेरिकेच्या विसाव्या बाँबर कमांडचें मुख्य ठाणें या गांवाशेजारीं हिजळी येथें होतें, आणि आसपास खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी या ठिकाणीं सुपरफोर्ट्रेस विमानांचे तळ होते. ५ जून १९४४ रोजीं या विमानांनीं आपली पहिली स्वारी केली ती येथूनच, बँकॉकवर. प्रतिकृति करणाऱ्याच्या दृष्टीनें हा मोठा मोहाचा विषय. पण ज्या इमारतींत तें ठाणें बसलें ती कोणती होती? ती हिजळीच्या बंदिवासाची इमारत होती. १६ सप्टेंबर १९३१ रोजीं त्याच आवारांत ब्रिटिश सरकारच्या शिपायांनीं निःशस्त्र राजबंद्यांवर गोळीबार केला आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे तरुण ठार झाले. त्यांचे देह घेण्यासाठीं सुभाषचंद्र बोस स्वतः आले होते. स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं देशांतली पहिली आय. आय. टी. याच इमारतींत सुरू झाली. ज्या शिक्षणसंस्थेचें नांव आमच्या घराघरांत मुलांच्या परीक्षांच्या निमित्तानें रोज घेतलें जातें, तिचें मूळ एका तुरुंगांत आणि एका बाँबर-ठाण्यांत आहे, ही गोष्ट किती घरांत सांगितली जाते? इमारतीचा मनोरा, कमानी आणि खिडक्या मोजून बसविल्या, पण ही इमारत तुरुंग होती इतकी एक ओळही जवळ लिहिली नाहीं, तर त्या मनोऱ्याच्या उंचीचा बिनचूकपणा कोणाच्या कामाचा?

शेजाराची गोष्ट याहून कठीण आहे. हे तळ मेदिनीपूर जिल्ह्यांत आणि त्याच्या आसपास उभे राहिले. ऑक्टोबर १९४२ मध्यें त्या जिल्ह्याला वादळानें झोडपलें होतें आणि १९४३ सालीं बंगालच्या दुष्काळानें ग्रासलें होतें. त्या दुष्काळानें प्रांतांतले लाखों लोक गिळले. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं, युद्धावरील अफाट खर्चानें, त्यांत लष्करी बांधकामेंही आलीं, ज्यांच्या हातीं मजुरी आली त्यांची खरेदीची शक्ति वाढली आणि तांदूळ महाग झाला. ज्यांच्या हातीं ती आली नाहीं ते खेड्यांतले भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर उपाशी मेले. धान्याची आवक घटणें, साठेबाजी, सरकारचा नाकर्तेपणा अशीं इतरही कारणें होतींच, आणि त्यांच्या वांटणीविषयीं विद्वानांत वाद आहे. परंतु युद्धकाळीं बंगालमध्यें उभें राहिलेलें प्रत्येक लष्करी छप्पर शेजारच्या झोंपडींतल्या चुलीशीं कोठेंतरी जोडलेलें होतें, हें विसरतां येत नाहीं. सिम्युलेटरमधील खरगपूरवरून उडणाऱ्या आमच्या मुलाला खालीं हिरवें रान दिसतें. त्या रानांत त्या सालीं काय होतें, हें त्याला कोणी सांगावयाचें?

जर्मनीचें उदाहरण तर अंगावर शहारे आणणारें आहे. मेसरश्मिट २६२ हें जेट विमान या छंदांतल्या लोकांचें विशेष लाडकें. थुरिंगियांत काला या गांवाजवळ एका टेंकडीच्या पोटांत बोगदे खोदून १९४४ पासून हें विमान तयार करण्याचा कारखाना उभारला. टेंकडीच्या माथ्यावर काँक्रीटची पट्टी केली, आणि तयार झालेलें विमान उतारावरून वर ओढून तेथून उडवून दिलें जाई. यंत्रविद्येच्या दृष्टीनें हा देखावा विलक्षण खरा. पण ते बोगदे खोदणारे हजारों लोक निरनिराळ्या देशांतून धरून आणलेले वेठबिगार होते, आणि उपासमार, रोग व मारहाण यांनीं त्यांतले कितीतरी तेथेंच मेले. या टेंकडीची प्रतिकृति करावयाची, पट्टीची लांबी जुळवावयाची, आणि त्यांच्या छावण्या मात्र जागेअभावीं गाळावयाच्या, याला हुबेहूबपणा म्हणावें कीं साक्षीदाराचा मुद्दाम गिळलेला जबाब म्हणावें, हें वाचकांनींच ठरवावें.

या आक्षेपांवर जीं उत्तरें दिलीं जातात तीं आमच्या कानांवर आहेत. पहिलें उत्तर, "हा खेळ आहे." ठीक, पण मग खेळाच्या जाहिरातींत इतिहासाची ग्वाही कशासाठीं? बुद्धिबळांतल्या उंटाला कोणी हुबेहूब उंट म्हणत नाहीं, म्हणून त्याच्या पाठीच्या मदारीविषयीं कोणी वादही घालीत नाहीं. सत्याचा मान हवा असेल तर सत्याची जबाबदारीही घ्यावी. दोन्ही दगडांवर पाय ठेवूं नये.

दुसरें उत्तर, "आकाशांतून इतकें कोण पाहतो? दुरून डोंगर साजरे." या उत्तराची गंमत अशी कीं, युद्धकाळांत खरोखरच असे विमानतळ बांधले गेले होते. कर्नल जॉन टर्नर यांच्या देखरेखीखालीं ब्रिटनमध्यें शेंकडों खोटीं लक्ष्यें उभारण्यांत आलीं. दिवसा दिसावे म्हणून लांकूड-कापडाचीं विमानें मांडलेले तळ, आणि रात्रीं दिसावे म्हणून नुसत्या दिव्यांच्या रांगा असलेले तळ. चित्रपटांचे देखावे उभारणारे कारागीर त्यांच्या दिमतीला होते. हेतु एवढाच कीं, वरून येणाऱ्या जर्मन वैमानिकानें फसावें आणि रिकाम्या रानांत बाँब टाकावेत. वरून खरें दिसलें म्हणजे पुरे, ही कसोटी फसवणुकीची आहे. तिला शिक्षणाची किंवा स्मरणाची कसोटी करणें म्हणजे आपल्याच मुलांना शत्रूच्या वैमानिकाच्या जागीं बसविणें होय.

तिसरें उत्तर, "यंत्राची शक्ति मर्यादित आहे, सगळें दाखवूं गेलें तर चित्र अडखळतें." हें उत्तर प्रामाणिक आहे आणि आम्ही तें मान्य करितों. पण आमची मागणी अधिक इमारतींची नाहींच. उलट काळाला न जुळणाऱ्या इमारती काढल्या तर ओझें हलकेंच होईल. सालाचा एक आंकडा आणि माहितीच्या चार ओळी यांनीं कोणतें यंत्र अडखळतें?

चौथें उत्तर कांहींसें हळवें आहे. "लोक विरंगुळ्यासाठीं येतात, त्यांच्यापुढें दुष्काळ आणि वेठबिगार कशाला मांडतां?" आम्ही प्रेतें मांडावयास सांगत नाहीं, तसें करणें हाही एक बाजारच होईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याला या गोष्टी सांगावयाच्या नसतील त्यानें खुशाल सांगूं नयेत, परंतु मग आपल्या कृतीला हुबेहूब न म्हणतां शोभिवंत म्हणावें. शोभिवंत वस्तूंनाही जगांत जागा आहे.

आणि केवळ बारकाव्याच्या बिनचूकपणालाच सद्गुण मानणाऱ्यांना आम्ही एक गोष्ट सांगूं इच्छितों. दुसऱ्या महायुद्धांतल्या अत्यंत बिनचूक प्रतिकृतींपैकीं कांहीं १९४३ सालीं अमेरिकेच्या यूटा प्रांतांत, डगवे येथील वाळवंटांत उभारल्या गेल्या. तीं जर्मन आणि जपानी कामकरी वस्त्यांतलीं घरें होतीं. जर्मन घरांसाठीं एरिक मेंडेलसोन यांच्यासारख्या, तर जपानी घरांसाठीं जपानांत अनेक वर्षें राहिलेल्या अँटोनिन रेमंड यांच्यासारख्या नामांकित वास्तुशास्त्रज्ञांचें ज्ञान उपयोगांत आणलें. हे रेमंड म्हणजे पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमांतील गोलकुंड या सुंदर वसतिगृहाचा आराखडा करणारेच. छपराचा उतार बरोबर, लांकडाची जात शक्य तितकी जवळची, जमिनीवर जपानी चटया, घरांत सामानसुमान. हा सारा हुबेहूबपणा कशासाठीं? तर आगलावे बाँब टाकून तीं घरें किती झपाट्यानें पेटतात हें मोजण्यासाठीं. तीं जाळलीं, पुन्हां बांधलीं, पुन्हां जाळलीं. ९ मार्च १९४५ च्या रात्रीं सुपरफोर्ट्रेस विमानांनीं टोकियोवर तेच बाँब टाकले आणि एका रात्रींत सुमारें एक लाख माणसें जळून मेलीं. चटईचा विणकामासकट अभ्यास झाला होता. चटईवर झोंपणाऱ्याचा मात्र हिशेब कोणीं धरला नव्हता. माणूस वगळून साधलेला बिनचूकपणा कोणत्या थराला जाऊं शकतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

मग या कलेनें करावें तरी काय? नुसती टीका करून थांबणें हा आमचा बाणा नाहीं. आमच्या मागण्या चार आहेत, आणि चारही हलक्या आहेत. पहिली, प्रत्येक प्रतिकृतीवर तिचें साल, शक्य तर महिना, घालावा. "महायुद्धकालीन" हा शब्द सहा वर्षांचा गोंधळ झांकण्यासाठीं वापरूं नये. दुसरी, कोणती इमारत पुराव्यावरून केली आणि कोणती अंदाजानें, हें उघड सांगावें. जेथें माहिती नाहीं तेथें सांच्यांतली इमारत ठोकण्यापेक्षां मोकळी जागा ठेवावी. मोकळी जागा खोटें बोलत नाहीं. तिसरी, तळ कोणीं बांधला हें लिहावें. इंग्लंडांतल्या धांवपट्ट्यांवर आयर्लंडांतून आलेल्या मजुरांचा घाम गळला. सफोकमधील आय येथील तळ अमेरिकेच्या कृष्णवर्णीय अभियंता-पलटणींनीं बांधला, आणि तोही त्यांना गोऱ्यांच्या पंक्तीला बसूं न देणाऱ्या सैन्यांत राहून. आसामांत चहाच्या मळ्यांतले मजूर याच कामाला जुंपले गेले. विमानाच्या रंगाच्या छटेवर महिनेच्या महिने वाद घालणाऱ्यांना या लोकांसाठीं एक ओळ लिहिणें जड जाऊं नये. चौथी, तळाचा सकाळचा देखावाही दाखवावा. ब्रिटिश बाँबर दलाच्या सुमारें सव्वा लाख उड्डाण-सैनिकांपैकीं ५५,५७३ मारले गेले. विमानें रात्रीं उडत आणि पहांटे परतत. ज्या उभें राहण्याच्या जागा रिकाम्या राहत, त्या मोजूनच तळावरच्या लोकांना रात्रीचा निकाल कळे. ही रिकामी जागा दाखवावयास संगणकाला कांहींच खर्च नाहीं, आणि सबंध तळाचा अर्थ मात्र तिच्यांत सांठविलेला आहे.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुलाचा हा छंद मोडूं नका. त्याला प्रश्न विचारा. तूं आज कोठून उडालास? कोणत्या सालीं? ती इमारत त्या सालीं तेथें होती काय? ती कोणीं बांधली, आणि आधीं तेथें कोण राहत होतें? पुण्याच्या वाचकांनीं हाच प्रश्न लोहगांवपासून सुरू करावा. ज्या विमानतळावरून आपण दिल्लीला जातों-येतों, त्याचा जन्म १९३९ सालीं लष्करी तळ म्हणून झाला, हें प्रवाशांपैकीं कितीजणांना ठाऊक असतें? चार दिवस अशी विचारपूस झाली कीं मुलगा स्वतःच जुने नकाशे धुंडाळूं लागेल, आणि मग त्याला हुबेहूब या शब्दानें कोणी फसवूं शकणार नाहीं.

दिवाळींतला किल्ला करणारें लहान पोरही बुरुज झाले म्हणजे किल्ला झाला असें समजत नाहीं. मावळे उभे राहिल्याशिवाय त्याचें समाधान होत नाहीं. संगणकांतल्या विमानतळांचे कर्ते वयानें, विद्येनें आणि साधनांनीं त्याच्याहून कितीतरी मोठे आहेत. त्यांनीं त्या पोराइतकी तरी समज दाखवावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.